व्हिएन्नाचा वाकडा माणूस, सरांच्या आवाजात

पुण्यात मला पहिल्यांदा मान मिळाला तो वाकडं बसल्याबद्दल. आमच्या झेडपीच्या शाळेत वाकडं बसलं की गुरुजी पाठीत धपाटा घालायचे. इथे एका रविवारच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये मी उजवा कोपर डोक्यावर घेतला, डावा हात मानेमागून काढून बोटं फाकवली, तोंड आत्ताच कारलं चावल्यासारखं केलं, आणि दहा-बारा सुशिक्षित माणसं माझ्याकडे आदराने बघत कागदावर रेघा मारायला लागली. वर चहा-पोहे.

मी वाशिमकडचा. तालुक्याच्या गावात शिकलो, आणि शिकलो म्हणजे मुख्यत: नकला शिकलो. हेडमास्तर, कंडक्टर, शेजारच्यांची शेळी, शेळीला हाका मारणाऱ्या शेजारीण काकू, सगळे माझ्या घशात राहायचे. पुण्यात आल्यावर आठवडाभर एका इंटरनेट कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि शनिवार-रविवारी सोसायट्यांच्या कार्यक्रमांत मिमिक्री करायची, असं माझं चाललेलं. राहायला कात्रजला, तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये. अशाच एका सोसायटीच्या गणपतीत एका डेंटिस्ट मॅडमनी मला पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या चित्रकलेच्या सरांना एक माणूस हवाय. ज्याला चेहऱ्याची अजिबात लाज नाही असा. तुम्ही आठवलात."

कौतुकच होतं ते. पुण्यात ओळखायला वेळ लागतो.

सर सत्तरीचे. आयुष्यभर आर्ट कॉलेजात शिकवलं आणि रिटायर झाल्यावर सहकारनगरातल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर क्लास काढला. पहिल्या दिवशी मी स्टुलावर ताठ बसलो, फोटो काढायला बसतात तसा. सर म्हणाले, "आपण सरळ बसू नका. सरळ बसलेली माणसं बँकेत भरपूर मिळतात." समोर एक रिटायर्ड बँक मॅनेजर बसले होते. ते शांतपणे पेन्सिलीला टोक करत राहिले. नंतर कळलं, सर त्यांना दर रविवारी काहीतरी म्हणतात आणि ते त्यासाठीच येतात.

क्लासचा एकच नियम होता. दारात एक स्टीलचा डबा. आत येताना खोडरबर त्यात टाकायचं. कोणी चोरून वापरताना सापडलं, तर पुढच्या रविवारी सगळ्यांना बाकरवडी. नियम कडक असूनही क्लासमध्ये बाकरवडी कधी कमी पडली नाही.

हा नियम सरांचा नव्हता. तो त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या एका ऑस्ट्रियाच्या चित्रकाराकडून उचललेला. त्याचं नाव मी घेत नाही, कारण मी एकदा घेतलं होतं आणि सर म्हणाले, "नीट येत नसेल तर घेऊ नका. त्याने तुमचं काय वाकडं केलंय?" तेव्हापासून माझ्यासाठी तो व्हिएन्नावाला. भिंतीवर त्याच्या चित्रांचे प्रिंट लावलेले. सगळी माणसं हाडं मोजता येतील अशी, कोपर बाहेर, मान तिरकी, बोटं लांबच लांब. पहिल्यांदा बघून मला वाटलं, या लोकांना डॉक्टरकडे नेलं पाहिजे. सर म्हणाले, "थांबा. रेघ बघा." कुठेही खोडलेलं नाही. एकदा पेन्सिल टेकली की खांद्यापासून बोटापर्यंत निघाली, जिथे थांबली तिथे थांबली. रंग नंतर भरायचा म्हणे, समोरचा माणूस घरी गेल्यावर, आठवणीतून.

माझं त्याच्याशी जमलं ते त्याच्या आरशामुळे. एक मोठा उभा आरसा त्याच्याकडे होता. घर बदललं की तो आधी हलायचा. त्यासमोर उभं राहून हा माणूस तोंडं वेडीवाकडी करायचा, डोळे वटारायचा, जीव गेल्यासारखा पडायचा, आणि तेच काढायचा. मी मनात म्हटलं, हा तर आपल्याच लाईनचा. आम्ही दुसऱ्याचं तोंड आपल्यावर चढवतो, हा आपलंच एकेक तोंड उतरवत बसला होता.

वर्षातून एकदा, क्लासच्या लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं आणि त्यात सरांचं व्याख्यान असायचं, याच माणसावर. मोठ्या पडद्यावर चित्रं, बाजूला सर उभे, आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला मी, व्हिएन्नावाल्याच्या पोजमध्ये. लोकांना दिसावं की शरीर खरंच असं वळतं. तीन वर्षं मी तसा बसलो. तोंड प्रेक्षकांकडे, पडदा पाठीमागे. हलायचं नाही, मान वळवायची नाही. मग माणूस काय करणार, ऐकत बसणार. व्याख्यान मला अथपासून इतिपर्यंत पाठ झालं.

स्टेशनमास्तरचा मुलगा. लहानपणी आगगाड्या काढायचा, एवढ्या की बापाने वैतागून चित्रं चुलीत घातली. (माझे वडील एसटी स्टँडवर कंट्रोलर. मी त्यांच्या अनाउन्समेंटची नक्कल केली तेव्हा त्यांनी काही जाळलं नाही, फक्त त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत.) बाप लवकर गेला. पोरगा सोळाव्या वर्षी व्हिएन्नाच्या मोठ्या चित्रशाळेत शिरला, तिथल्या मास्तरशी पटेना म्हणून बाहेर पडला. सोन्याचा वर्ख लावून चित्रं काढणाऱ्या एका मोठ्या चित्रकाराने त्याला जवळ केलं. पुढे खेड्यात राहायला गेला, तिथे भानगड झाली, काही दिवस तुरुंगात बसला. सर तो भाग लपवायचे नाहीत आणि उगाळायचेही नाहीत. "म्हणजे, रेघ चांगली म्हणून माणूस चांगला, असा हिशोब कोणी करू नये," एवढं म्हणायचे आणि पुढची स्लाइड. मग लग्न, युद्ध, आणि शेवटी जगभर पसरलेला तो ताप. पोटुशी बायको आधी गेली. तीनच दिवसांनी तो. वय अठ्ठावीस.

सरांची नक्कल मी करणारच होतो. असा आवाज समोर असताना न करणं म्हणजे ताटातली जिलबी परत पाठवणं. किंचित नाकातला आवाज, प्रत्येक ळ घासून पुसून ठेवलेला, आणि वाक्याच्या आधी 'म्हणजे', जसं काही मागचं वाक्य आपल्याला कळलेलंच नाही. एका रविवारी चहाच्या वेळी मी बँकवाल्यांना सरांच्या आवाजात झापत होतो, सगळे हसत होते, आणि एकदम हसायचे थांबले. सर दारात उभे.

"'म्हणजे' मी इतक्यांदा म्हणतो?"

"त्याहून जास्त, सर. मी थोडे कमी केलेत."

"मग पूर्ण करा. अर्धवट काम मला चालत नाही."

आणि समोर खुर्ची घेऊन बसले. मी पूर्ण केलं.

या वर्षी उन्हाळ्यात सरांच्या गळ्यातल्या एका गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, पण आवाज गेला. कुठली तरी नस. डॉक्टर आधी म्हणाले येईल, मग म्हणाले वाट बघू, मग एक दिवस म्हणाले की आता सवय करून घ्या. राहिला फक्त श्वास. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसं काहीतरी, तेही कान तोंडाजवळ नेला तर. सरांनी क्लास बंद केला नाही. खांद्यावर टिचकी मारून, बोटाने हवेत रेघ काढून शिकवायचे. पण क्लासची सगळी मजा गेली. बँकवाल्यांना कोणी काही बोलेना, आणि त्यांची चित्रं खरोखर बिघडली.

प्रदर्शन जवळ आलं तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एका रविवारी आम्हाला जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "हे रोज संध्याकाळी स्लाइड्स लावतात आणि पडद्यासमोर उभं राहून नुसते ओठ हलवतात. सगळं व्याख्यान. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांना ते व्हायला हवंय. कोणीतरी कागद वाचून दाखवला, असं नको. व्हायला हवंय. काय करता येईल ते बघा."

डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, पडद्यावर अक्षरं दाखवू. बँकवाले म्हणाले, या वर्षी नुसतं प्रदर्शन ठेवू. क्लासमध्ये एक आयटीवाला होता, तो म्हणाला, "सरांचे जुने व्हिडिओ आहेत ना, त्यावरून डायरेक्ट आवाज बनवता येतो. मशीन बोलेल, सेम टू सेम." आणि पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आला.

खरं सांगतो, आवाज सेम होता. ळ सुद्धा. मशीनने सांगितलं की हा चित्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असून त्याची रेषा अत्यंत प्रभावी होती. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी आयटीवाल्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. पोरगं हसायलाच लागलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आवाज उत्तम आहे. पण हा कोणाचा अपमान करू शकणार नाही."

मग सरांनी बोट वर केलं आणि माझ्याकडे रोखलं.

मला घाम वगैरे फुटला असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं काही झालं नाही. मला आनंद झाला. माझ्याशिवाय हे कोणाला जमणार होतं? पाठांतर तयार, आवाज तयार. मी म्हटलं, "सर, नुसतं तुम्ही बाजूला बसा. लोक तुम्हालाच विचारतील की तुम्ही तिकडे कसे बोलताय."

तालमी सरांच्या घरी खालच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. ऑफिस सुटलं की स्वारगेटला उतरून मी सरळ त्यांच्याकडे. पडदा लावलेला, सर सोफ्यावर, मी उभा. नकलेचं एक तंत्र असतं, आधी आवाज काढायचा नाही, आधी उभं राहायचं. सरांचा डावा खांदा थोडा वर असतो, वजन उजव्या पायावर, हनुवटी आत. तसं उभं राहिलं की आवाज आपोआप तिथूनच निघतो. मी उभा राहिलो आणि सुरू केलं. "नमस्कार. म्हणजे, जे वेळेवर आले त्यांना नमस्कार."

सर एकदम पुढे झुकले. मग मागे टेकले. हाताने खूण, चालू दे.

पहिल्या संध्याकाळी चुका काढल्या त्या पण कशा. कुठे मी जास्त नाकात गेलो, कुठे विनोद सांगून थांबलो. कानाशी येऊन म्हणाले, "मी हसण्यासाठी थांबत नाही. हसायचं त्यांनी हसावं, मला पुढे जायचंय." मी मनात नोंदवलं. बरोबर होतं. मी नेहमी टाळीसाठी जागा सोडतो, ती सोसायटीच्या स्टेजची खोड.

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी रंगात आलो आणि सरांची एक लकब आठवली. बोलता बोलता ते मध्येच आत बघून काकूंना हाक मारायचे, तीही 'अहो' म्हणून. तशीच मी हाक मारली, "अहो, चहा टाकताय ना?"

आतून लगेच आवाज आला, "टाकलाय हो, आणतेच."

एवढं बोलून आतलं सगळं थांबलं. भांडं वाजेना, गॅसचा आवाज तेवढा. सर माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मग काकू बाहेर आल्या. हातात चहा नव्हता. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघ. व्याख्यान कर, लोकांना हसव, काय करायचं ते कर. पण त्यांच्या आवाजात माझ्याशी बोलायचं नाही. कधीच नाही."

मी म्हटलं, "नाही बोलणार, काकू."

"चहा आणते," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहात साखर पडली नव्हती. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

बाकीचं सगळं बसत गेलं. एकच जागा बसेना, शेवटची स्लाइड. व्हिएन्नावाल्याची बायको तापाने फणफणलेली होती तेव्हा त्याने तिचं एक चित्र काढलं. त्याच्या अगदी शेवटच्या चित्रांतलं. सर दर वर्षी ते पडद्यावर आणायचे आणि गप्प उभे राहायचे. मग एक वाक्य म्हणायचे आणि व्याख्यान संपायचं. मी ती शांतता पण पाठ केली होती. स्टुलावर बसून बसून तिची लांबी मला ठाऊक झाली होती. मी तेवढा वेळ थांबलो आणि वाक्य म्हणालो.

सरांनी मान हलवली. नाही.

मी परत केलं. नाही. थोडं जास्त थांबलो. नाही. शेवटी कानाशी आले. "तू मोजतोयस."

"मग तुम्ही काय करता, सर?"

"बघतो."

हे मला त्या दिवशी फारसं कळलं नाही. मी म्हटलं, प्रोग्रॅमच्या दिवशी जमेल. मला असं नेहमीच वाटतं, आणि बहुतेक वेळा जमतं.

हॉल गच्च भरला. गेल्या वर्षीपेक्षा जास्त लोक, कारण बातमी पसरली होती की सर बोलणार नाहीत आणि तरी बोलणार आहेत. माझ्या जागी पोजला कोण बसणार हा प्रश्न होता, तर बँकवाले स्वतःहून पुढे आले. कोपर डोक्यावर, बोटं फाकवून बसले. तिसऱ्या स्लाइडला त्यांच्या खांद्यात गोळा आला. मी सरांच्या आवाजात म्हटलं, "म्हणजे, बँकेत सरळ बसायची सवय. आपण त्यांना माफ करू." हे व्याख्यानात नव्हतं. मला कळायच्या आत निघून गेलं. लोक फुटले. मी हसण्यासाठी थांबलो नाही, पुढे गेलो. पहिल्या रांगेत सरांचे खांदे हलत होते.

मग लोकांचं हसणं बदललं. आधी ते नकलेला हसत होते, आता व्याख्यानाला. थोड्या वेळाने कोणी माझ्याकडे बघेना, सगळे पडद्याकडे. मिमिक्री करणाऱ्याला हे सहसा आवडत नाही. मला त्या दिवशी फार आवडलं. आगगाड्या जळल्या, मास्तर रुसला, आरसा या घरातून त्या घरात गेला, तुरुंग आला आणि गेला, युद्ध संपत आलं. मी शेवटची स्लाइड लावली.

सरांच्या आवाजातलं ते एक वाक्य ओठांवर तयार होतं. समोर सरांशेजारी काकू बसलेल्या. स्लाइड येताच त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. मरायला टेकलेल्या एका बायकोबद्दलचं ते वाक्य, तिच्या नवऱ्याने काढलेल्या चित्राबद्दलचं, आणि ते मी यांच्या नवऱ्याच्या आवाजात म्हणणार होतो. त्या हॉलमध्ये दीडशे माणसं असोत, ते वाक्य जाऊन पडणार होतं एकाच माणसावर. मी म्हणालो होतो, नाही बोलणार.

तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. आणि काय करावं सुचेना म्हणून मागे वळलो.

तीन वर्षं या व्याख्यानाला मी पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. तालमीत सरांकडे बघत होतो, बरोबर चाललंय का ते. हे चित्र एवढं मोठं, एवढं समोर, मी कधी बघितलंच नव्हतं. उशीवर टेकलेलं डोकं, सुटलेले केस, आणि डोळे उघडे. ती त्याच्याकडे बघतेय. म्हणजे तो काढतोय हे तिला माहीत आहे. गालाची रेघ कानाजवळून निघते आणि हनुवटीपाशी येता येता इतकी पुसट होते, की वाटतं पेन्सिल उचलली असेल. उचललेली नाही. मी तिथपर्यंत गेलो आणि परत पहिल्यापासून बघितलं.

किती वेळ गेला मला खरंच माहीत नाही. मागे पावलं वाजली. सर माझ्या शेजारी येऊन उभे होते. मी माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला, त्यांनी तो हाताने बाजूला सारला. आणि ते वाक्य स्वतः म्हणाले, जो काही श्वास होता त्यात.

"यानंतर त्याने फारसं काही काढलं नाही, वेळच नव्हता."

पहिल्या रांगेला ऐकू आलं. दुसऱ्या रांगेतली माणसं पुढे झुकली. मागून कोणीतरी हळूच विचारलं, काय म्हणाले? पुढच्याने मागे वळून सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. मी ते पुन्हा मोठ्याने म्हणालो नाही. ते वाक्य रांगारांगांतून मागे सरकत गेलं, कुजबुजत, दारात उभ्या असलेल्यांपर्यंत. ते पोचेपर्यंत सर उभे राहिले.

टाळ्या झाल्या, मग प्रश्न. पुण्यात प्रश्न असतातच. एक गृहस्थ उठले आणि कलावंताचं चारित्र्य आणि कला यावर बराच वेळ बोलले, आणि शेवटी म्हणाले, तर आपलं मत काय? सरांनी मला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि कानात बोलले. मी हनुवटी आत घेतली.

"आपण प्रश्न विचारलात की व्याख्यान दिलंत? व्याख्यान आज माझं होतं."

हॉल हसला, ते गृहस्थही हसले. आता सगळ्यांना कळलं की हे असं पण होऊ शकतं. हात वर व्हायला लागले. चित्रांना आज किंमत किती? "आपल्या भिंतीला झेपणार नाही एवढी." मुलाला चित्रकलेला घालू का? "म्हणजे, त्याला विचारून की न विचारता?" एकही शब्द माझा नव्हता. मी नुसती वायर. पण वायरीला इतकं भारी कधी वाटलं नसेल.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "तिला तसं बघत असताना त्याचा हात थांबला कसा नाही?"

पडद्यावर ते चित्र अजून तसंच होतं, सर त्याकडे बघत राहिले. मीही घाई केली नाही, कान त्यांच्याजवळ ठेवून उभा राहिलो. मग ते बोलले, थोडं अडखळत, दोनदा श्वास घेऊन. मी ते त्यांच्या आवाजात सांगितलं, अडखळणं वगळलं नाही.

"थांबला असेल. चित्रात दिसत नाही, एवढंच. पुढचा प्रश्न."

अजून पाच-सहा हात वर होते. सरांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आणली आणि तिच्यावर बसले.